जिजींचे वाफे आणि वहिनींच्या कोंबड्या: बोरीकाठच्या एका परसबागेचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमळनेर-पारोळा बाजूच्या, बोरी नदीच्या पट्ट्यातल्या एका गावातले आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नावांऐवजी घरात एकमेकांना मारल्या जाणाऱ्या हाकाच वापरल्या आहेत. जिजी म्हणजे सासूबाई; साठी ओलांडलेल्या, माळकरी. वहिनी म्हणजे त्यांची सून, गावातल्या महिला बचत गटाचे हिशेब लिहिणारी. दादा म्हणजे वहिनींचे यजमान. कोरडवाहू कापूस, थोडी ज्वारी, दारात एक म्हैस असा संसार.

घरामागे साधारण दीड गुंठा जागा आहे. तिथली परसबाग पूर्णपणे जिजींची. पावसाळ्यात गिलके, दोडके, गंगाफळ, भेंडी, गवार. दिवाळीच्या पुढे-मागे मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, मिरची आणि भरताची हिरवी वांगी. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून धुण्याभांड्याचे पाणी चारी काढून वाफ्यांत सोडलेले. होळीनंतर पालेभाज्या संपतात आणि एप्रिलपासून मोरीजवळचे दोन-चार वेल सोडले तर बाग रिकामीच असते. ही रिकामी बाग पुढे या प्रकरणात फार महत्त्वाची ठरली.

जुलैमध्ये बचत गटातून वहिनींनी महिन्याभराची 12 पिल्ले घेतली. गिरिराजा, वनराजा यांसारख्या सुधारित जाती आता खेड्यापाड्यांत सहज मिळतात. पहिली बंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झाली, दुसरी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात. गावरानपेक्षा वजन जास्त, अंडी जास्त, आणि उकिरड्यावर चरून राहण्याची तयारी. या पिल्लांचा प्रकारही असाच. खुराडे नव्हते. रात्री जुन्या पत्र्याच्या खोलीत, दिवसा मोकळी. एक पिल्लू पहिल्या आठवड्यात गेले, एक घारीने उचलले, दहा जगली: सात तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणि तीन कोंबडे.

अडचण

पावसाळाभर कोणाची तक्रार नव्हती. पिल्ले हलकी होती, वेल मांडवावर चढलेले होते, भेंडी कमरेला आली होती. पिल्ले खालचे किडे टिपत आणि जिजीही खूश होत्या. या चार महिन्यांनी घरात एक समज पक्का झाला, की कोंबड्या आणि भाजीचे जमते.

दिवाळीनंतर जिजींनी मेथी-कोथिंबीर टाकली आणि वांग्या-मिरचीची रोपे लावली. तोपर्यंत पक्षी दीड किलोच्या घरात गेले होते. ओली, भुसभुशीत केलेली माती, त्यात नुकतेच पेरलेले बी. पायांनी उकरून खाणाऱ्या पक्ष्याला याहून चांगले ठिकाण नाही. दोन सकाळींत मेथीचा वाफा उलथापालथा झाला. वांग्याच्या आळ्यांत त्यांनी धूळ-अंघोळीचे खड्डे केले, रोपांची मुळे उघडी पडली. "तुन्या कोंबड्या मनी मेथी खाई गयात," एवढेच जिजी बोलल्या आणि मग दोन दिवस काहीच बोलल्या नाहीत. वहिनींना ते अबोलणे जास्त लागले.

दुसरे नुकसान हळूहळू दिसले. वहिनी पत्र्याच्या खोलीतली विष्ठा झाडून रोज सकाळी जवळच्या वांग्यांच्या बुंध्याशी टाकत. खत आहे, वाया का घालवायचे, हा विचार अगदी रास्त. डिसेंबरात त्या झाडांच्या पानांच्या कडा करपल्या, काही झाडे नुसतीच पानाने माजली आणि फुले धरेनात. घरच्यांना वाटले रोग आला. शेजाऱ्यांनी कापसावरचे औषध सुचवले. दादांनी पंप धुऊन ठेवला.

तिसरी गोष्ट अंड्यांची. डिसेंबरअखेर तलंगा अंड्यावर आल्या. वहिनींनी माहेरी पाठवलेल्या अंड्यांतली काही आठ-दहा दिवसांनी फोडली तर बलक हिरवट निघाला. अंडी खराब पाठवली असा बोभाटा झाला. तो गैरसमज वहिनींच्या हिशेबाला आणि मानालाही झोंबला.

पहिला निर्णय: फवारणी करायची की नाही

मी बचत गटांबरोबर परसबागेचे काम करते, त्यामुळे वहिनींचा फोन मला आला. त्यांचा प्रश्न एवढाच होता, की फवारल्यावर कोंबड्या किती दिवस कोंडून ठेवू?

प्रत्यक्ष पाहिल्यावर करपण्याचा नमुना स्पष्ट होता. खोलीच्या दाराजवळची झाडे सर्वांत जास्त करपलेली, दोन ओळी पलीकडची निरोगी. रोग किंवा कीड अशी दारापासून अंतर मोजून येत नाही. कोंबडीच्या ताज्या विष्ठेत नत्र भरपूर असते, त्यातून अमोनिया सुटतो आणि मुळे जळतात. जे झाड त्यातून वाचते ते पानांवर जोर धरते, फुलावर नाही. म्हणजे औषधाची गरजच नव्हती. बुंध्याजवळची विष्ठा उचलून भरपूर पाणी देणे एवढेच करायचे होते. पाण्याची ओढ होती, तरी दोन दिवस भांड्यांचे सगळे पाणी त्या ओळींना दिले.

काही वांग्यांत शेंडे पोखरणारी अळी मात्र होती. तिथे जिजींनीच उपाय काढला: सुकलेला शेंडा अळीसकट खुडायचा आणि कोंबड्यांपुढे टाकायचा. कीड नियंत्रणाच्या शिफारशीतही शेंडे खुडून नष्ट करा असेच सांगतात; इथे ते कोंबड्यांनी नष्ट केले. जोडीला पाच टक्के निंबोळी अर्क फवारला. कापसावरची कीटकनाशके परसबागेत, मोकळ्या कोंबड्या असलेल्या घरात आणायचीच नाहीत, असे त्या दिवशी ठरले. वर्षभरातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय असे मी मानते. विष पडलेला किडा कोंबडीने खाल्ला की ते विष पक्ष्यात उतरते आणि तेच घर तिची अंडी मुलांना देते. खान्देशात याला आणखी एक बाजू आहे. कापसाचे पाकिटातले बियाणे औषध चोळून रंगवलेले असते. सांडलेले रंगीत बी कोंबडी दाणा म्हणून टिपते. मे-जूनमध्ये लागवडीचा सामान घरात येतो तेव्हा हे लक्षात ठेवले पाहिजे.

हिरव्या बलकाचे कारण म्हशीच्या गव्हाणीत सापडले. म्हशीला सरकीची पेंड असे आणि कोंबड्या गव्हाणीत चढून ती खात. सरकीतला गॉसिपॉल नावाचा घटक बलकातल्या लोहाशी जुळतो आणि अंडी साठवली की बलक हिरवट-तपकिरी होत जातो. ताज्या अंड्यात हे सहसा दिसत नाही, म्हणून घरात कोणाला कळले नव्हते. गव्हाणीपुढे फळी ठोकली, पक्ष्यांना ज्वारी-मका, घरचे उरलेले अन्न आणि कुटलेले शिंपले सुरू केले. पुढे बलकाची तक्रार आली नाही. वहिनींनी माहेरी फोन करून कारण सविस्तर सांगितले, हे मला फार आवडले.

पर्याय काय होते

डिसेंबरच्या शेवटी तिघे ओसरीवर बसले, मीही होते. पहिला पर्याय दादांचा: सगळे पक्षी विकून टाकायचे. अंडी नुकती सुरू झालेली असताना हे म्हणजे खर्च केला आणि उत्पन्नाच्या दारात थांबलो असे झाले असते. शिवाय अंड्यांचे पैसे हा वहिनींचा स्वतःच्या हातातला एकमेव पैसा होता. ही बाब बैठकीत कोणी उघड बोलले नाही. मी ती बोलून दाखवली, कारण पर्याय तोलताना तिचेही वजन धरायला हवे होते.

दुसरा पर्याय, कोंबड्या कायम कोंडून ठेवायच्या. भाजी शंभर टक्के वाचते. पण मग चरण्याचा फायदा जातो आणि सगळा दाणा विकत घ्यावा लागतो. अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य खाते. दहा पक्ष्यांचे रोज किलोभर. तो खर्च या घराला पेलणारा नव्हता.

तिसरा, बागेला कुंपण. पूर्ण दीड गुंठ्याला तारेची जाळी घालायचा खर्च त्या वर्षीच्या अंड्यांतून निघणारा नव्हता. दादा म्हणाले, पऱ्हाट्या (कापसाच्या वाळक्या काड्या) फुकट पडल्यात, त्यांचाच कूड घालू. कल्पना स्वस्त आणि आपल्याकडे सर्रास चालणारी. पण वेचणी संपल्यावर पऱ्हाटीवर जी वाळकी बोंडे राहतात त्यांत गुलाबी बोंडअळी सुप्त अवस्थेत टिकते. म्हणूनच हंगाम संपताच पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावा, रचून ठेवू नका असे कृषी खाते सांगते. ज्यांच्या पोटाचे पीक कापूस आहे त्यांनी भाजी राखण्यासाठी बोंडअळी दारात राखायची नव्हती. त्याऐवजी तुराट्या, म्हणजे तुरीच्या काड्या, घ्यायच्या ठरल्या.

फिरत्या पिंजऱ्याचाही विचार झाला: तळ नसलेला हलका पिंजरा रिकाम्या वाफ्यावर ठेवायचा, दोन दिवसांनी पुढे सरकवायचा. चार-पाच पक्ष्यांना तो छान चालतो. दहा पक्ष्यांना एवढा मोठा पिंजरा लागला असता, की जिजी आणि वहिनी मिळूनही तो उचलता आला नसता.

काय केले

शेवटी थोडे इकडचे, थोडे तिकडचे घेतले. जानेवारीत बागेच्या मागच्या बाजूला खुराडे झाले. ते पूर्व-पश्चिम लांब ठेवले, म्हणजे उन्हाची तिरीप आत कमी शिरते. जिजींची एकच अट होती: तुळशीपासून लांब आणि अंडी स्वयंपाकघरात नकोत. अंड्यांची टोपली ओसरीच्या कोनाड्यात गेली. त्यावर पुन्हा वाद झाला नाही.

खुराड्यात बसायला बाभळीच्या दांड्या, खाली गव्हाच्या भुशाचा थर. पुढे शंभरेक चौरस फुटांचे जाळीचे अंगण, जाळी वीतभर जमिनीत गाडलेली. मुंगूस उकरून आत येते, वरवर बांधलेल्या जाळीला ते जुमानत नाही. पालेभाज्यांच्या वाफ्यांना तुराट्यांचा कूड आणि त्यावर आडव्या ताणलेल्या जुन्या साड्या. पक्ष्यांच्या एका पंखाची लांब पिसे कापली, की उडताना तोल जातो आणि कूड ओलांडता येत नाही. तीनपैकी दोन कोंबडे विकले. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, पिल्लांसाठी एक पुरतो. तीन असले की माद्यांच्या पाठी सोलतात.

विष्ठेचा हिशेब करून पाहिला तेव्हा सगळेच चकित झाले. एक कोंबडी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम ओली विष्ठा टाकते. आठ पक्ष्यांची वर्षाला जवळपास तीन क्विंटल. निम्मी बाहेर पडली तरी उरलेली दीड गुंठ्याला भरपूर होते. म्हणजे खत कमी पडेल ही भीती चुकीची होती. जास्त पडण्याचीच शक्यता होती. आता भुशासकट विष्ठा महिन्याने काढतात. पाला, वाळके गवत आणि थोडे शेण यांच्याबरोबर थर लावून ढीग करतात, ओलावा राखतात, दर पंधरा दिवसांनी उलटतात. आतून ढीग हाताला चटका देण्याइतका तापला पाहिजे. तीन महिन्यांनी वास जाऊन काळे, भुरभुरीत खत झाले की मगच वाफ्यात. कोथिंबीर, मुळा अशा कच्च्या खाण्याच्या, मातीला टेकणाऱ्या भाज्यांना तर ताजी विष्ठा मुळीच नको. तिच्यातून साल्मोनेलासारखे जंतू पोटात जातात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत न कुजवलेले खत आणि काढणी यांत अशा पिकांसाठी 120 दिवसांचे, मातीला न टेकणाऱ्या पिकांसाठी 90 दिवसांचे अंतर सांगितले आहे. आमची मेथी महिन्याभरात निघते, यावरून ताजे खत का नको ते समजावे. उरलेले खत दादा शेतात नेतात.

लसीकरण एकटीदुकटीने होत नाही, ही अडचणही याच काळात सुटली. राणीखेत, म्हणजे आपल्याकडची मानमोडी, आली तर गावातले खुराडेच्या खुराडे रिकामे होते. त्यावरची आर-टू-बी लस साधारण आठव्या आठवड्यात देतात, पण कुपी शंभर मात्रांची. ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा विरघळवली की काही तासांत संपवावी लागते. वहिनींनी गटातल्या सगळ्या घरांचे पक्षी एका सकाळी एकत्र घेतले आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातून लसटोचक बोलावले. त्यांच्या पक्ष्यांना त्यामुळे ती लस उशिरा मिळाली, पण मिळाली.

आखाजीतला आठवडा

मार्चपर्यंत गाडी रुळावर होती, तरी जिजींच्या दृष्टीने कोंबड्या हा वहिनींचा उद्योगच होता. एप्रिलच्या शेवटी ऊन वाढले. खुराड्याला पत्रा होता. एका दुपारी दोन कोंबड्या तडफडून मेल्या. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकत उष्णता बाहेर टाकते. पारा चाळिशीच्या वर गेला की तेवढे पुरत नाही, आणि आपल्याकडे तो पंचेचाळीसलाही टेकतो. लगेच पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या टाकल्या, बाजूला ओली गोणपाटे लावली, पाण्याची मातीची परळे दुप्पट केली, दाणा फक्त सकाळी लवकर आणि संध्याकाळी ठेवला.

अशातच आखाजी (अक्षय्य तृतीया) आली आणि वहिनी मुलांसह माहेरी गेल्या. सगळे जिजींवर पडले. जाळीच्या अंगणात ऊन, रिकाम्या बागेत मात्र निंबाची सावली. जिजींनी कूड काढला आणि पक्षी सरळ वाफ्यांत सोडले. आता तिथे खराब होण्यासारखे काही नव्हते. कोंबड्यांनी हरळीच्या गाठी उकरल्या, मातीतले कोष आणि अळ्या वेचल्या, भुसकट विस्कटले. वहिनी परतल्या तेव्हा अर्धी बाग नांगरल्यासारखी दिसत होती, आणि पुढचे कोणते वाफे मोकळे करायचे ते जिजींनी ठरवून ठेवले होते.

यातूनच आजची पद्धत उभी राहिली. ती कुंपणापेक्षा दिनदर्शिकेवर जास्त चालते. होळी ते मृग, बाग कोंबड्यांची. मृगात बी पडले की महिना-दीड महिना त्यांना बंदी. भेंडी-वांगी गुडघ्यावर आली की सूर्यास्ताआधी तासभर सोडायचे. अंधार पडू लागला की पक्षी आपोआप खुराड्याकडे वळतात, हाकलावे लागत नाही. पालेभाज्यांच्या वाफ्यांत मात्र पीक उभे असताना कधीच नाही. एखादा वाफा काढून झाला की पुढची पेरणी होईपर्यंत दोन-तीन आठवडे तोच त्यांचा.

परिणाम

दुसऱ्या हिवाळ्यात मेथीचा एकही वाफा उकरला गेला नाही. हरळी आणि घोळीचे निंदण खूप कमी झाले, असे जिजी सांगतात. गांडुळेही कोंबड्या खातात, हा त्यातला तोटा, म्हणून ओले वाफे सलग जास्त दिवस उघडे ठेवत नाहीत. वांगी वेळेवर लागली.

पाच कोंबड्यांची अंडी थंडीच्या शेवटी रोज तीन-चार आणि मे महिन्यात एखाद-दुसरे. डिसेंबरात दिवस अकरा तासांच्या आत येतो तेव्हाही अंडी घटतात. वहिनी ते आता पक्ष्यांचे दुखणे समजत नाहीत. दाण्याचा खर्च वजा जाता पैसे फार उरले नाहीत. मुलांच्या ताटात आठवड्यातून चार वेळा अंडे आले, ही मिळकत वेगळी.

खुराड्यावर आता गिलक्याचा मांडव आहे. वेलाची मुळे जाळीबाहेर, सावली जाळीच्या आत.

वेगळे काय करता आले असते

पक्ष्यांची संख्या. पहिल्या वर्षी बारा पिल्ले ही या जागेसाठी जास्त होती. दीड गुंठ्यात पाच-सहा पक्षी धरून चाललो तर खतही मावते आणि दाणाही परवडतो.

पिल्ले कधी आणली, हे मला त्याहून मोठे वाटते. जुलैत महिन्याचे पिल्लू आणले की त्याच्या पायांत जोर येतो तो नेमका दिवाळीनंतर, पालेभाज्यांच्या पेरणीच्या वेळी. तेच डिसेंबरअखेर आणले तर पक्षी एप्रिलमध्ये उकरण्याच्या वयात येतात, आणि तेव्हा बाग रिकामी असते. थंडीत आपल्याकडे रात्री चांगल्याच गारठतात, म्हणून पहिले काही आठवडे पिल्लांना बल्बची ऊब द्यावी लागेल. पण तो खर्च एका उलथलेल्या बागेपेक्षा कमी आहे. त्याआधी खुराडे उभे असावे, आणि त्यावर पत्रा टाकायचा तर कडब्याचा थर पहिल्या दिवसापासून असावा. त्या दोन कोंबड्या वाचल्या असत्या.

तिसरे, बाग जिची आहे तिला पिल्ले आणण्याआधी विचारायला हवे होते. बचत गटाच्या बैठकीत पिल्लांची यादी होते, खाद्याची होते. ज्या जागेत ती चरणार त्या जागेवर आज काय उभे आहे हे कोणी विचारत नाही. आमच्या भागातल्या गटांत मी आता पिल्ले वाटण्याआधी घरातल्या दोन्ही बायकांना बरोबर घेऊन परसदार पाहते आणि कुठल्या महिन्यात कुठला वाफा भरलेला असतो ते लिहून घेते.

एक निर्णय अजून व्हायचा आहे. पक्षी वाढवायचे तर वहिनींना बाजारातून मोठ्या कोंबड्या आणायच्या आहेत. सुधारित माद्या सहसा खुडूक (अंडी उबवायला) बसत नाहीत, घरच्या घरी पिल्ले निघत नाहीत. आठवडे बाजारातला पक्षी कुठून आला, काय घेऊन आला कळत नाही. नवापूरला 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि 2021 मध्ये तो तिथे परत आला. खान्देशात हे सांगून पटवावे लागत नाही. शेजारच्या काकूंची गावरान कोंबडी खुडूक बसली की तिच्याखाली घरची अंडी ठेवायची, एकवीस दिवसांनी पिल्ले अर्धी-अर्धी वाटून घ्यायची, असा जिजींचा प्रस्ताव आहे. बाजारातूनच आणायचे झाले तर नवे पक्षी तीन आठवडे वेगळे ठेवायचे आणि पाण्याची भांडीही वेगळी, असे वहिनींनी मान्य केले आहे. काकूंची कोंबडी अजून खुडूक बसलेली नाही.